अडलेल्या प्रवाशाची कॉफी

सप्टेंबर २०२४ मध्ये माजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी कोलकाता विमानतळावरच्या चहाचा दर जाहीरपणे सांगितला. पेलाभर गरम पाणी, त्यात बुडवायची चहाची पुडी आणि त्याचे ३४० रुपये. तीनच महिन्यांनी, २१ डिसेंबरला, केंद्र सरकारने त्याच विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू केला. तिथे चहा दहा रुपयांना, पाण्याची बाटली दहाला, कॉफी वीसला आणि सामोसाही वीसला. एकाच विमानतळावर, त्याच वर्षात एकाच पेयाचे दोन दर, आणि त्यांच्यात चौतीस पटींचा फरक.

पत्ती, दूध, साखर आणि इंधन यांच्या हिशेबात चौतीस पटींचा फरक बसत नाही. तो पडतो करारांमुळे. जागा कोणाची, ती कोणत्या अटीवर दिली, गल्ल्यातला किती वाटा कोणाकडे जातो आणि गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायची वाट आहे की नाही, यांवर प्रवासातल्या खाण्याची किंमत ठरते आणि पुष्कळदा चवही. हा प्रश्न विमानांच्या आधीचा आहे. आगगाडीने माणसाला ठरावीक जागी, ठरावीक मिनिटांसाठी थांबवून ठेवायला सुरुवात केली, तेव्हाच तो जन्मला. म्हणून दोन विमानांच्या मधल्या कॉफीचा नीट विचार करायचा तर पावणेदोनशे वर्षे मागे, इंग्लंडमधल्या स्विंडन या रेल्वे स्टेशनावर जावे लागते.

लंडनहून ब्रिस्टलकडे जाणारा लोहमार्ग बांधताना ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीची आर्थिक ओढाताण झाली होती. स्विंडनला इंजिने बदलायची होती. तिथे स्टेशन हवे होते आणि कामगारांसाठी घरेही हवी होती. रिग्बी नावाच्या कंत्राटदारांनी ही बांधकामे स्वतःच्या पैशाने करून द्यायचे कबूल केले. त्याच्या बदल्यात १८४१ मध्ये त्यांना स्टेशनावरची उपाहारगृहे ९९ वर्षांच्या पट्ट्याने, नाममात्र भाड्यावर मिळाली. वर एक अट घातली गेली: नेहमीची प्रत्येक प्रवासी गाडी स्विंडनला दहा मिनिटे थांबलीच पाहिजे. थोडक्यात, कंपनीने इमारत फुकटात मिळवली आणि तिची किंमत प्रवाशाच्या पोटातून वसूल करायचा हक्क दुसऱ्याला दिला. रिग्बींनी तो पट्टा लवकरच पोटभाड्याने देऊन टाकला. स्टेशन बांधणारा एक, पट्ट्याचा मालक दुसरा आणि कॉफी उकळणारा तिसराच, अशी साखळी तयार झाली.

त्या कॉफीची तक्रार करणारा माणूस साधासुधा नव्हता. इसंबार्ड किंग्डम ब्रुनेल हा या रेल्वेचा मुख्य अभियंता. सारा मार्ग त्याने आखलेला, बोगदे आणि पूल त्याच्या देखरेखीखाली उभे राहिलेले. १८४२ मध्ये त्याने उपाहारगृहाच्या चालकाला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. स्विंडनला कॉफी मिळते यावर माझा विश्वासच नाही, मी तिथे ती कधी चाखलेली नाही, तक्रारी करणे केव्हाच सोडले आहे आणि शक्य असेल तर मी तिथे काहीच घेत नाही, असा त्याचा आशय. ज्याने हा मार्ग उभा केला त्यालाही त्या मार्गावर धड कॉफी मिळवता आली नाही, कारण करार त्याच्या हातात नव्हता. ती दहा मिनिटांची सक्ती संपवण्यासाठी कंपनीला १८९५ मध्ये एक लाख पौंड मोजून पट्टा परत विकत घ्यावा लागला. बांधकामाच्या वेळी वाचवलेला पैसा अर्ध्या शतकानंतर असा व्याजासकट गेला, आणि तोवर दोन पिढ्यांच्या प्रवाशांनी रोज त्याची किंमत मोजली.

गिऱ्हाईक अडलेले असले की खाणे वाईटच मिळणार, असा यावरून निष्कर्ष काढला जातो. पण त्याच शतकात अमेरिकेत नेमके उलटे घडले. १८७६ मध्ये फ्रेड हार्वी नावाच्या माणसाने कॅन्सस राज्यातल्या टोपेका स्टेशनावर सँटा फे रेल्वेसाठी उपाहारगृह चालवायला घेतले. पुढे त्या मार्गावर ठिकठिकाणी त्याची ‘हार्वी हाउसेस’ उभी राहिली. तिथेही प्रवासी अडलेलाच होता, आजूबाजूला तर नुसते माळरान. फरक होता तो व्यवहाराच्या मांडणीत. रेल्वेने त्याला जागा दिली, त्याचा माल आपल्या गाड्यांतून वाहून आणला आणि चांगले जेवण मिळते म्हणून लोक आपल्याच गाडीने जातील, असा हिशेब केला. गाडी स्टेशनात शिरण्यापूर्वीच कंडक्टर डब्यात फिरून कोण जेवणार हे विचारून घेई आणि तारेने पुढे कळवी. प्रवासी टेबलाशी बसेपर्यंत पहिला पदार्थ समोर आलेला असे. पेयासाठी तर शब्दही खर्च होत नसे. वाढणारी मुलगी मागणी विचारून घेताना समोरचा कप विशिष्ट प्रकारे ठेवून जाई. बशीत सुलटा कप म्हणजे कॉफी, बशीत पालथा म्हणजे गरम चहा, बशीला टेकवून तिरपा म्हणजे थंड चहा, आणि बशीबाहेर पालथा म्हणजे दूध. मागून किटली घेऊन येणारी कप बघून बरोबर तेच ओतत असे. अर्ध्या तासात पोटभर जेवून माणूस पुन्हा गाडीत.

स्विंडन आणि टोपेका, दोन्हीकडे वेळ मोजका आणि पर्याय शून्य. एकीकडे खाणे हे बांधकामाचा खर्च भरून काढण्याचे साधन होते, दुसरीकडे प्रवासाचा भाग. आज विमानतळांबद्दल बोलताना हा फरक डोळ्यांपुढे ठेवायला हवा.

आपल्या रेल्वेने या दोन्ही परंपरा पाहिल्या आणि तिसरी, आपल्या समाजाची, त्यात मिसळली. ब्रिटिश काळात स्टेशनांवर युरोपियनांचे उपाहारगृह वेगळे, हिंदूंचे वेगळे, मुसलमानांचे वेगळे असे. फलाटावर ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ अशा आरोळ्या उठत. तहानेलाही धर्म आणि जात विचारली जाई. त्याच रेल्वेने कर्जतसारखी जागाही घडवली. १८६३ मध्ये बोरघाटातून गाडी सुरू झाली. घाट चढायला मागून जादा इंजिने लावावी लागतात म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कर्जतला थांबू लागल्या. त्या तांत्रिक थांब्यावर दिवाडकरांचा बटाटेवडा नावारूपाला आला. गरम वडा, कोरडी चटणी, खिडकीतून पुढे झालेला हात आणि सुट्या पैशांची घाई, एवढ्या भांडवलावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुंबई-पुणे प्रवासाची चव ठरून गेली. इथेही प्रवासी थांबलेलाच असतो. पण तोच प्रवासी पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच खिडकीशी असतो, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक असते. एकदाच भेटणारे गिऱ्हाईक आणि रोज भेटणारे गिऱ्हाईक यांच्याशी होणारा व्यवहार सारखा नसतो.

मग विमान आले. ऑक्टोबर १९१९ मध्ये हँडली पेज कंपनीने लंडन-पॅरिस विमानात तीन शिलिंगांना जेवणाची खोकी विकायला सुरुवात केली. विमानातल्या जेवणाचा प्रारंभ असा विकतच्या डब्याने झाला, फुकटच्या ट्रेने नव्हे. त्या काळात विमाने लांब पल्ला एका दमात गाठत नसत. इम्पीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा १९२९ मध्ये सुरू झाली तेव्हा तो प्रवास कित्येक दिवसांचा होता. वाटेत मुक्काम करावे लागत. त्याच मार्गासाठी शारजाच्या वाळवंटात १९३२ मध्ये धावपट्टी आणि विश्रामगृह बांधले गेले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एकट्याने जुहूच्या मैदानावर उतरले. अहमदाबादला त्यांच्या छोट्या विमानाचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते. थांबा तेव्हा विमानाची गरज होती. इंधन भरायचे, यंत्र निवू द्यायचे, हवामान पाहायचे, आणि तेवढ्यात माणसांनी काही खाऊन घ्यायचे.

विमानतळावरची सर्वांत प्रसिद्ध कॉफी अशाच थांब्यावर जन्मली. आयर्लंडमधील फॉइन्स येथे अटलांटिक ओलांडणारी, पाण्यावर उतरणारी विमाने येत. १९४३ च्या हिवाळ्यातल्या एका रात्री न्यूयॉर्ककडे निघालेले विमान खराब हवेमुळे परत फिरले. थंडीने काकडलेल्या प्रवाशांसाठी तिथला आचारी जो शेरिडन याने कॉफीत आयरिश व्हिस्की घातली आणि वर साय सोडली. ‘आयरिश कॉफी’ची ही जन्मकथा तेव्हापासून सांगितली जाते. याच फॉइन्सचे उपाहार व्यवस्थापक ब्रेंडन ओ’रेगन यांनी जवळच्या शॅनन विमानतळावर १९४७ मध्ये जगातले पहिले ड्यूटी-फ्री दुकान उघडले. १९८३ मध्ये दुबईला ड्यूटी-फ्री सुरू करायचे ठरले, तेव्हा ते उभारायला माणसे आली आयर्लंडमधूनच. थकल्याभागल्या प्रवाशाला काहीतरी ऊबदार द्यावे, ही फॉइन्समधली प्रेरणा आणि थांबलेला प्रवासी हे उत्तम गिऱ्हाईक आहे, हा शॅननचा शोध. आजच्या प्रत्येक मोठ्या विमानतळाच्या पायात हे दोन्ही दगड आहेत. पहिला हळूहळू खाली दबत गेला आणि दुसऱ्यावर मजले चढत गेले.

या इतिहासात आजच्या महाराष्ट्राचे एक पान आहे आणि ते फारसे कोणाच्या लक्षात नाही. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांचा तिच्यामागे आग्रह होता. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघत आणि मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तिथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई. मुंबईहून आलेला माणूस कोलकात्याच्या विमानात बसे, दिल्लीचा मद्रासच्या. पहाटेपर्यंत विमाने पुन्हा आकाशात. देशाच्या मध्यावर असण्याचा इतका नेमका उपयोग नागपूरला क्वचितच झाला असेल. अमेरिकेत मेम्फिस शहरी रात्री सारी विमाने एकत्र आणून माल वाटायचा, हा फेडेक्स कंपनीचा गाजलेला प्रयोग १९७३ चा. सोनेगाव त्याच्या २४ वर्षे पुढे होते.

त्या रात्रीचे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहण्यासारखे आहे. चार दिशांहून आलेली डाकोटा विमाने, दिव्यांच्या मंद उजेडात खालीवर होणाऱ्या थैल्या, डोळ्यांवरची झोप आवरत उभी असलेली चार भाषांची माणसे. कोणी कोणाच्या ओळखीचे नाही, पण सगळ्यांची अडचण एकच: पुढचे विमान सुटेपर्यंतचा वेळ. भारतात दोन विमानांच्या मधला तास ही गोष्ट रोजच्या वेळापत्रकात बसली ती या सेवेमुळे. विमाने पल्लेदार झाली तसे असे थांबे मागे पडले आणि नागपूरची मध्यरात्रही मावळली.

त्याच काळात आकाशातल्या कॉफीची काळजी वाहणारा एक माणूस आपल्याकडे होता. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेले. या कंपनीचे अध्यक्ष जे. आर. डी. टाटा प्रवास करताना बारीकसारीक टिपणे काढत आणि परत आल्यावर ती अधिकाऱ्यांकडे धाडत. जिनिव्हाहून निघताना दिलेला चहा रंगाने कॉफीपासून वेगळा ओळखता येत नाही, अशी त्यांची एक नोंद आहे. ब्रुनेलचीही तक्रार अशीच होती. दोघेही आपापल्या संस्थेचे कर्तेधर्ते, दोघांचीही जीभ जाणकार. ब्रुनेलच्या पत्राने काही बदलले नाही, कारण खाण्याची जबाबदारी कंपनीने विकून टाकली होती. टाटांच्या टिपणाने बदल होऊ शकत होता, कारण ती जबाबदारी कंपनीने आपल्याकडेच ठेवली होती.

ही जबाबदारी विमान कंपन्यांकडून विमानतळांकडे सरकली ती गेल्या तीन दशकांत. १९५३ च्या कायद्याने विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९९४ मध्ये तो कायदा रद्द होऊन खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली. ऑगस्ट २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने स्वस्त तिकिटाचे युग सुरू केले. तिकिटातून जेवण वजा झाले, आणि ते योग्यच होते, कारण त्यामुळेच कधी विमानाची पायरी न चढलेली माणसे त्यात बसू शकली. पण वजा झालेली भूक नाहीशी झाली नाही. ती विमानातून उतरून टर्मिनलमध्ये आली. २०२४ मध्ये देशांतर्गत विमान प्रवाशांची संख्या १६ कोटींवर गेली. यांतल्या अनेकांना थेट विमान मिळत नाही. मुंबई, दिल्ली, बेंगळुरू किंवा हैदराबादला विमान बदलावे लागते. परदेशी जाणाऱ्यांचा थांबा दुबई, दोहा, फ्रँकफर्टला.

नेमक्या याच काळात विमानतळांचे अर्थकारण बदलले. मे २००६ मध्ये दिल्ली आणि मुंबईचे विमानतळ खासगी कंपन्यांकडे गेले. दिल्लीने आपल्या एकूण महसुलातले ४५.९९ टक्के आणि मुंबईने ३८.७ टक्के भारतीय विमानतळ प्राधिकरणाला द्यायचे, असे ठरले. म्हणजे कॉफीच्या दुकानाकडून मुंबईच्या विमानतळ कंपनीला आलेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले ३८ रुपये ७० पैसे सरकारी संस्थेकडे जातात. २००८ च्या कायद्याने विमानतळांच्या शुल्कावर देखरेख करणारे नियामक प्राधिकरण आले. धावपट्टीचा वापर, विमान उभे करणे, प्रवासी शुल्क यांचे दर ते ठरवते. दुकानांच्या दरांवर त्याचा अंकुश नाही. उलट दुकाने, जाहिराती, पार्किंग यांतून येणाऱ्या उत्पन्नाचा ३० टक्के भाग विमानसेवेचे शुल्क कमी ठेवण्यासाठी धरला जातो.

विमानतळ चालवणाऱ्यांची बाजू इथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. दुकानांचे उत्पन्न नसेल तर प्रवासी शुल्क वाढेल. विमानतळावर दुकान चालवणे महागही आहे. दुधाची पिशवीसुद्धा सुरक्षा तपासणीतून न्यावी लागते, प्रत्येक कामगाराची पोलीस पडताळणी होते, पहाटे तीनलाही काउंटर उघडे ठेवावे लागते, साठवणुकीला जागा मिळत नाही. यातला प्रत्येक मुद्दा खरा आहे. शहरातल्यापेक्षा दर काही प्रमाणात जास्त असण्याचे समर्थन त्यातून होते. चौतीस पटींचे होत नाही.

दुसरे असे, की या चढ्या दरांचा भार वाटला जातो तो विषमपणे. नेहमी फिरणाऱ्यांना कंपनीचा भत्ता असतो किंवा क्रेडिट कार्डाच्या जोरावर लाउंज उघडते. रुपे कार्डधारकांनी दोन-दोन रुपयांत लाउंज वापरल्याचे आणि त्यासाठी लागलेल्या रांगांचे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. बाहेरच्या दुकानात पूर्ण दराने पैसे कोण देते? ज्याच्याकडे ते कार्ड नाही. मुलाला पहिल्या नोकरीवर पोचवायला निघालेला शेतकरी बाप, आखातात कामाला निघालेला तरुण, आजारी आईसाठी घाईने तिकीट काढून घरी धावणारी नर्स. मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेत निघालेले सोलापूर-सांगलीकडचे आईवडील आठवा. पिशवीत दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी असते. लोणच्याची बरणी तपासणीत बाजूला काढली जाते, कारण २००६ मध्ये ब्रिटनमध्ये द्रवस्फोटकांचा कट उघडकीस आल्यापासून शंभर मिलिलिटरचा नियम जगभर लागू झाला. फ्रँकफर्टला पाच तास काढायचे असतात. कॉफीचा दर युरोतून रुपयांत मनातल्या मनात मोजला जातो आणि “नको, आता विमानात देतीलच” म्हणून दोघे परत खुर्चीवर येऊन बसतात. त्यांना पैशाची चणचण नसते. दोन कप कॉफीला एवढे द्यायचे म्हणजे उधळपट्टी, हा त्यांचा संस्कार असतो, आणि तो आदर करण्याजोगा आहे. प्रवासाच्या व्यवस्थेने अशा माणसांना उपाशी बसवता कामा नये.

टर्मिनलमध्ये आणखी एक वर्ग आहे, त्याची तर गणतीच होत नाही. सामान चढवणारे, फरशी पुसणाऱ्या बायका, चाकाची खुर्ची ढकलणारे मदतनीस, सुरक्षा दलाचे जवान. चकाकत्या दुकानांसमोरून ते दिवसभर ये-जा करतात आणि घरून आणलेला डबा आडबाजूला बसून खातात. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर कर्मचाऱ्यांची उपाहारगृहे आहेत आणि माहीत असलेला प्रवासीही तिथे जाऊन स्वस्तात जेवतो. तेच विमानतळ आपल्या दुकानांचे दर शहरातल्या दरांच्या जवळ ठेवण्याबद्दल ओळखले जाते, आणि तरीही जगातल्या सर्वांत यशस्वी विमानतळांत गणले जाते.

दर बांधून घालणे व्यवहारात जमते याचे पुरावे इतरत्रही आहेत. अमेरिकेतल्या पोर्टलंड विमानतळाने दुकानदारांना शहरातल्याच दराने विकण्याची अट कितीतरी वर्षांपासून घातली आहे. न्यूयॉर्कमध्ये एका प्रवाशाने लाग्वार्डिया विमानतळावरच्या बिअरचा सत्तावीस डॉलरांवरचा दर समाजमाध्यमांवर दाखवल्यानंतर चौकशी झाली, आणि तो विमानतळ चालवणाऱ्या बंदर प्राधिकरणाने शहरातल्या दरापेक्षा किती टक्के जास्त घेता येईल याची मर्यादा लेखी घालून दिली. आपल्याकडे २०१८ पासून एकाच वस्तूच्या सारख्या पाकिटावर दोन वेगळ्या एमआरपी छापता येत नाहीत. हा नियम चांगला आहे, पण तो सीलबंद पाण्याला लागू पडतो, पेल्यातल्या कॉफीला नाही.

विलंब झाला तर काय, याचे उत्तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर झाला तर कंपनीने खाणेपिणे द्यायचे असते. पण नियम आणि अनुभव यांत केवढे अंतर पडू शकते, हे जानेवारी २०२४ मध्ये देशाने पाहिले. गोव्याहून दिल्लीला निघालेले विमान धुक्यामुळे मुंबईला वळवले गेले, आणि तासन्‌तास अडकलेले प्रवासी मुंबईच्या विमानतळावर विमानाशेजारी, उघड्या फरसबंदीवर बसून जेवले. विमान कंपनीला एक कोटी वीस लाखांचा दंड झाला, विमानतळ चालवणाऱ्या कंपनीलाही झाला. दंड झाला तो सुरक्षेच्या कारणास्तव, आणि तो योग्यच होता. पण त्या दृश्यातली दुसरी गोष्टही तितकीच गंभीर आहे. अडलेल्या माणसाला बसून चार घास खायला सन्मानाची जागा कोणी द्यायची, हे त्या रात्री कोणालाच ठरवता आले नाही.

कोलकात्यानंतर चेन्नईलाही ‘उडान यात्री कॅफे’ आला, पुढे आणखी काही विमानतळांवर. हे पाऊल स्वागतार्ह आहे आणि ते सरकारने उचलले याचे श्रेय सरकारला दिले पाहिजे. पण विमानतळाच्या एखाद्या कोपऱ्यातले एक काउंटर ही सवलत झाली. आज देशात दीडशेहून अधिक विमानतळ चालू आहेत, २०१४ मध्ये ते ७४ होते. नवी मुंबईच्या विमानतळाचे ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले आहे. जे करार आता लिहिले जातील, ते तीस-तीस, पन्नास-पन्नास वर्षे प्रवाशांच्या डोक्यावर राहतील. म्हणून सवलतीचे हक्कात रूपांतर करण्याची वेळ हीच आहे.

त्यासाठी फार काही लागत नाही. सुरक्षा तपासणीच्या पलीकडे, बोर्डिंग गेटांच्या प्रत्येक समूहाजवळ, चहा, कॉफी, पाणी आणि दोन-तीन साधे गरम पदार्थ बांधील दराने देणारे एक काउंटर असावे. ज्याचे पुढचे विमान चाळीस मिनिटांनी आहे, त्याला टर्मिनलच्या दुसऱ्या टोकाच्या स्वस्त चहाचा उपयोग नाही. बाकीच्या दुकानांनी आपल्या शहरातल्या शाखेतला दर आणि इथला दर शेजारी शेजारी लावावा, आणि दोघांतल्या फरकाला टक्केवारीची मर्यादा असावी. पिण्याच्या पाण्याचे नळ स्वच्छतागृहाच्या आडोशाला न ठेवता दिसतील असे असावेत. कर्मचाऱ्यांसाठी उपाहारगृह ही टर्मिनलच्या आराखड्यातली सक्तीची बाब असावी. विमानतळ प्राधिकरणाने ‘अवसर’ योजनेतून महिलांच्या बचत गटांना टर्मिनलमध्ये जागा देण्याची सुरुवात केलीच आहे, तिला बांधील दराच्या काउंटरची जोड द्यावी. पुण्यात पोहे, नागपुरात सावजी मसाल्याची भाजी-भाकरी, छत्रपती संभाजीनगरात थालीपीठ, गोव्यात पाव-भाजी हे पदार्थ त्या त्या गावचे आहेत, स्वस्त आहेत आणि रोज सकाळी हजारो हात ते उत्तम करतात. यातून विमानतळाचे उत्पन्न बुडणार नाही. ज्याला दुबईची चॉकलेटे किंवा साडेतीनशेची कॉफी हवी आहे, तो ती घेतच राहील. त्याला कोणी अडवत नाही.

या अटींची जागा मंत्र्यांच्या भाषणात नाही, निविदेच्या मसुद्यात आहे. विमानतळ नियामकाने दुकानांचे दर दरवर्षी तपासून जाहीर करावेत आणि संसदेने त्याला तसा अधिकार द्यावा. महाराष्ट्राच्या खासदारांनी ही मागणी पक्षभेद बाजूला ठेवून लावून धरावी, कारण देशातल्या सर्वांत गजबजलेल्या विमानतळांपैकी एक आपल्याकडे आहे आणि दुसरा नुकताच उभा राहिला आहे. पुढच्या विमानतळाची निविदा निघेल तेव्हा धावपट्टीची लांबी आणि वाहनतळाची क्षमता यांच्या शेजारी, प्रवाशाला मिळणाऱ्या साध्या खाण्याचे कलमही त्यात छापलेले असले पाहिजे. ते नसेल तर ती निविदा अपुरी समजावी आणि परत पाठवावी.